१९०९वरील तक्रारी न तपासता बंद केल्याबाबत तक्रार

प्रति,
अपील अधिकारी, ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: डीएनडी (जाहिरातीचे कॉल व संदेश रोखण्याची नोंद) पूर्ण चालू असूनही येणारे जाहिरातीचे कॉल

तुमच्या मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राशी आज पुन्हा बोलणे झाले. तिथे बोलून काही होणार नाही हे स्पष्ट झाल्यामुळे लेखी तक्रार करत आहे.

‘स्टार्ट ०’ हा संदेश १९०९ला, म्हणजे डीएनडीची नोंद आणि तक्रार घेणाऱ्या क्रमांकाला, पाठवून केलेली पूर्ण बंदीची नोंद तुमच्या यंत्रणेत आहे. तुमच्या प्रतिनिधीनेही ती पाहून मान्य केली. तरीही पर्सनल लोन आणि प्लॉट विकणारे कॉल साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकांवरून येतच आहेत. प्रत्येक कॉलची तक्रार १९०९वर केली. तीत कॉल करणाऱ्याचा क्रमांक, तारीख आणि तो काय विकत होता हे सगळे दिले. उत्तर दर वेळी एकच: ‘तपशील अपुरा, तक्रार बंद.’ कोणता तपशील अपुरा, हे कोणीही सांगत नाही.

आज तेच विचारले. प्रतिनिधी म्हणाले, “तो नंबर आमच्या कंपनीचा नाही.” नियमानुसार तक्रार कॉल घेणाऱ्याच्या कंपनीकडेच करायची असते आणि ती कॉल करणाऱ्याच्या मूळ कंपनीकडे पाठवणे हे तुमचे काम आहे, असे मी सांगितले. मग उत्तर आले, “तो रजिस्टर्ड टेलिमार्केटर नाही, त्याला डीएनडी लागू नाही.” हे साफ चूक आहे. नोंदणी न करता जाहिरातीचे कॉल करणे हाच तर नियमभंग! पुढचे सल्ले: नंबर ब्लॉक करा, १९३०ला फोन करा. १९३० ही पैसे लुबाडले गेल्यावरची सायबर हेल्पलाइन आहे, हे तुमच्या केंद्राला ठाऊक नाही? हे बोलून दाखवल्यावर ऐकावे लागले, “तुमचे पैसे गेलेत का? नाही ना? मग तक्रार कसली?” त्यानंतर बराच वेळ होल्डवर ठेवून मला फॅमिली प्लॅन विकायचा प्रयत्न झाला. डीएनडीची तक्रार करणाऱ्या ग्राहकाला, त्याच कॉलवर!

ट्राय या दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम बदलले, ते तुम्हाला माहीत असणारच. कॉल आल्यावर तक्रार करायला ग्राहकाला आता ३ ऐवजी ७ दिवस मिळतात. नोंदणी नसलेल्यावर ५ दिवसांत कारवाई करायची असते. १० दिवसांत ५ तक्रारी आल्या तरी ती सुरू करावी लागते: आधी १५ दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा सापडला तर वर्षभर सगळी कनेक्शन बंद. तुम्ही तक्रारी ‘अपुऱ्या’ ठरवत राहिलात, तर तो पाचाचा आकडा भरणार कसा? तक्रारींचा आकडा चुकीचा कळवल्यास कंपनीला २ लाखांपासून दंड आहे आणि चुकीच्या कारणाने तक्रार बंद केल्याचा दंड वेगळा.

याहून गंभीर बाब अशी की तुमचे स्वतःचे विक्री प्रतिनिधीही दहा आकडी क्रमांकांवरून कॉल करतात. जाहिरातीच्या कॉलसाठी १४०ची मालिका कशासाठी दिली आहे? ‘दोन तासांत सिम बंद होईल, ९ दाबा’ म्हणणारा भामटा आणि ‘नेटवर्क सुधारतो, सांगतो तो कोड लावून हा नंबर डायल करा’ म्हणणारा असेच क्रमांक वापरतात. त्या कोडने कॉल दुसऱ्याकडे वळतात, ओटीपीचे कॉलसुद्धा, आणि ##००२# डायल करून ते वळवणे रद्द करता येते, हे कळेपर्यंत बँक खाते रिकामे झालेले असते. कंपनीचा खरा माणूस आणि भामटा सारख्याच क्रमांकावरून बोलू लागले, तर घरातल्या वयस्कर माणसांनी ओळखायचे कसे? अनेक वर्षे विश्वासाने वापरलेल्या कंपनीकडून ही अपेक्षा नव्हती.

बंद केलेल्या सर्व तक्रारी पुन्हा उघडा. प्रत्येकीवर मूळ कंपनीने काय कारवाई केली ते कळवा. तपशील अपुरा म्हणणार असाल, तर कोणता, ते लिहा. तुमच्या विक्रीचे कॉल १४०च्या मालिकेतूनच करा, आणि माझ्या क्रमांकावर तेही नकोत. लोन विकणाऱ्याची तक्रार १९०९वर, फसवणुकीचा संशय असलेल्या कॉलची संचार साथी या सरकारी पोर्टलच्या चक्षू सुविधेवर आणि पैसे गेले तर लगेच १९३०, एवढे तरी तुमच्या प्रतिनिधींना शिकवा.

समाधान झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध तिथे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्कही नाही. मग नंबर पोर्ट करीन.

उत्तर ईमेलवर लेखी द्यावे. फोन करू नये.

एक ग्राहक