मंत्रिमहोदय, माझी पावडर लाल झाली

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

खात्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. माझी फाईल आज कुठल्या खात्यात आहे, हे मलाच कोणी सांगत नाही.

गेल्या वर्षी आपण पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत आला होतात. काळ्या पावडरीची कुपी हातात धरून फोटो काढलात आणि म्हणालात, "निधीची काळजी करू नका." ती पावडर म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, बॅटरीचा कॅथोड, म्हणजे धन टोकाचा पदार्थ. आम्ही काळजी केली नाही. तिथेच चुकलं.

परवा रात्री आर्गॉनचा सिलिंडर संपला. दुसरा नव्हता, चार महिन्यांचं बिल थकल्यावर गॅसवाला तरी उधारीवर किती देणार? भट्टी 700 अंशांवर होती. आर्गॉन थांबला की हवा आत शिरते, वरचा कार्बनचा थर जळतो आणि लोखंड, साध्या भाषेत, गंजतं. मी तिथेच होते, टेबलावर डोकं टेकून झोपलेली. सकाळी नळी उघडली तर काळ्याऐवजी विटकरी पावडर. तीन आठवडे गेले.

फेलोशिप सात महिने आलेली नाही. खोलीचं भाडं सोलापूरहून भाऊ पाठवतो. त्याला वाटतं, बहीण सायंटिस्ट आहे. मेसवाल्या काकू आधी "दे गं पुढच्या महिन्यात" म्हणायच्या. आता नुसत्या बघतात.

मे 2021 मध्ये आपल्या सरकारने 50 गिगावॉट-तासांच्या बॅटरी-सेलसाठी 18,100 कोटींची योजना मंजूर केली. त्यात आर्गॉनचे किती सिलिंडर बसतील, हे मी चहाच्या पावतीमागे मांडून पाहिलं. शून्यं मावली नाहीत. सेल इथे बांधाल, पण त्याच्या पोटात काय भराल? ही पावडर जवळजवळ सगळी चीनमध्ये होते. 98 टक्के की 99, मी पुन्हा तपासलेलं नाही. आपल्याकडे आकडे फायलींपेक्षा लवकर सापडतात, तेव्हा बघून घ्या. जुलै 2025 मध्ये तर चीनने ती बनवण्याच्या तंत्रालाच निर्यात-परवान्याचं कुलूप लावलं.

हा कॅथोड जगापुढे आणणाऱ्या 1997 च्या शोधनिबंधावर लिथियम बॅटरीसाठी पुढे नोबेल मिळालेल्या जॉन गुडइनफ यांच्या आधी दोन नावं आहेत: पाढी आणि नंजुंदस्वामी. काम झालं टेक्सासमध्ये. 2019 चं गुडइनफ यांचं नोबेल व्याख्यान स्टॉकहोममध्ये दिलं अरुमुगम मंथिरम यांनी. मदुराईत शिकलेला माणूस, तोही प्राध्यापक टेक्सासमध्येच. तिकडे त्यांना तीन कोटेशनं आणून सगळ्यांत स्वस्त आर्गॉन घ्यायला कोणी लावलं नसावं. इथे शुद्धतेचा रकाना कोणी वाचत नाही, किमतीचा वाचतात. अनुदानाचा हप्ता येतो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आणि 31 तारखेपर्यंत खर्चला नाही तर "तुम्हाला गरजच नव्हती" असं पत्र येतं. ते पत्र मात्र वेळेवर येतं!

मागण्यांची यादी करायला बसले होते, ती राहिलीच. थकलेला हप्ता आणि फेलोशिप, बस्स.

लाल पावडर फेकलेली नाही. आपण पुन्हा फोटोला याल तेव्हा कुपी तीच असेल.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी