एफडी मोडू नका, पंगत मात्र जोरात करू

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर मी लग्नाच्या पैशाचं काढलं की बाबा "बरं, बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आई म्हणते, "तुझ्या बाबांना विचार." म्हणून म्हटलं, सगळं एकदा कागदावरच लिहावं. संध्याकाळी चहाच्या वेळी आईने हे मोठ्याने वाचायचं आणि बाबांनी संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही.

एफडी मोडायची नाही. पतसंस्थेतून कर्ज काढायचं नाही. आईच्या पाटल्या सोनाराकडे न्यायच्या नाहीत. या तीन गोष्टी ठरल्या असं समजा, बाकी सगळ्यावर भांडायला मी तयार आहे.

बाबा, तुमचं म्हणणं माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. "एसटीत कंडक्टर म्हणून जन्म गेला. वाईपासून महाबळेश्वरपर्यंत कुठल्या गावचं लग्न जेवलो नाही? ज्यांचं जेवलो त्यांना माझ्या लेकीच्या लग्नात जेवायला घालायचं नाही का?" मला हे पटतं. खरंच पटतं. लोक काय म्हणतील, या भीतीने केलेला खर्च वेगळा आणि हा वेगळा. हे देणं आहे आणि ते फेडायचं. म्हणून जेवणाला आपण अजिबात कात्री लावणार नाही. जेवण सोडून बाकी सगळ्याला लावू.

मागच्या वर्षी वरच्या आळीत लग्न झालं ते आठवा. स्टेज केवढं, लाइटा केवढ्या, नवरानवरी धुरातून चालत आले. मुहूर्त साडेअकराचा, आणि सव्वाबारापर्यंत माइकवर सत्कार चालू. अमुक साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, तमुक सभापतींच्या शुभेच्छा. पोरगी अंतरपाटाच्या मागे हार हातात धरून ताटकळली होती. आणि जेवायला? बुफे. आपली आजी उन्हात ताट धरून रांगेत उभी, आणि भाताशी पोचली तेव्हा मसालेभात संपलेला. त्या घरात अजून हप्ते चालू आहेत हे आईनेच मला सांगितलं.

आपण पंगत धरू. भैरोबाच्या देवळापुढचा सभामंडप आहेच, त्याला लागून फक्त सावलीपुरता मांडव घालायचा. भांडी गावकीची घ्यायची, तपेली, पातेली, पिंप सगळं त्यात येतं. वाढायला तरुण मंडळाची पोरं आहेत. आचाऱ्याशी मी बोलले. सामान आपलं, मजुरी त्याची. मी त्याला अडीचशे पानं सांगितली. तो म्हणाला, मसालेभाताला अठरा किलो तांदूळ, साध्या भाताला आठ, वरणाला नऊ किलो तूरडाळ, मठ्ठ्याला पंधरा किलो दही, जिलेबी पंचवीस किलो, आणि ती तिथेच कढई लावून. आपल्या वाफ्यातला इंद्रायणी वापरू का विचारलं, तर हसला. इंद्रायणी चिकट होतो, मसालेभाताला कोलमच पाहिजे म्हणे. मग इंद्रायणी साध्या वरणभाताला घेऊ, तेवढाच घरचा तांदूळ पानात पडेल. बटाट्याची भाजी, पुरी, अळूचं फदफदं, काकडीची कोशिंबीर, भजी. आमरस नको. वैशाखात आंब्याचे भाव आणि अडीचशे वाट्या, हा हिशेब आपल्याला झेपत नाही. हे सगळं मजुरीसकट पासष्ट हजारांत बसतं. बुफेवाल्याने याच पदार्थांचे, शिवाय एक पनीर आणि एक आइस्क्रीम धरून, जवळजवळ दुप्पट सांगितले होते.

आणि बाबा, पंगतीत तुम्ही धोतर नेसून फिरायचं आणि प्रत्येकाच्या पानापुढे थांबून "सावकाश होऊ द्या" म्हणायचं. ते बुफेत करता येत नाही.

आता आईची भीती. "तुम्ही शहरातली पोरं, कुठेतरी सह्या करून मोकळी व्हाल." आई, तसं नाही. आम्ही त्याचीही चौकशी केली. विशेष विवाह कायदा 1954 चा आहे, त्यात नोटीस द्यावी लागते, तीस दिवस थांबावं लागतं, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. ज्यांना तसं करायचं त्यांनी जरूर करावं, माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने केलं आणि छान झालं. पण आपल्याला गुरुजी हवेत, अंतरपाट हवा, मामाने मागे उभं राहायला हवं. मग ते विधी नीट झाले पाहिजेत. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर सप्तपदीसारखे विधी झालेले असले पाहिजेत, नुसता नोंदणीचा दाखला पुरत नाही. म्हणजे तुझं म्हणणं कोर्टानेही उचलून धरलंय. लग्न लागल्यावर नोंदणी गावातच ग्रामसेवकांकडे करू. नमुना ड भरायचा, त्यावर आमच्या दोघांच्या, तीन साक्षीदारांच्या आणि गुरुजींच्या सह्या. गुरुजी जेवून लगेच दुसऱ्या लग्नाला पळतात, तर त्यांची सही दक्षिणेच्या आधी घ्यायची. ही जबाबदारी बाबांची.

सोन्याचं. तोळा लाखाच्या वर गेलाय, आणि या भावात "थोडं तरी अंगावर पाहिजे" हे वाक्य फार महाग पडतं. आम्ही फक्त मंगळसूत्र घेतोय. पाच ग्रॅममध्ये दोन वाट्या, बाकी काळे मणी. माझ्या होणाऱ्या सासूबाई, निखिलच्या आई, म्हणाल्या की एक वाटी माहेरची, एक सासरची, तर एका वाटीचं सोनं माहेरून आलं तर बरं वाटेल. मला ते आवडलं. आजीच्या डाव्या कानातलं जे फूल एकटंच राहिलंय, जोडीचं हरवल्यापासून डब्यात पडून आहे, तेवढं दे. पाटल्यांना हात लावायचा नाही. सोनाराकडे मी स्वतः जाणार आहे. हॉलमार्कबरोबर सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी नंबर असतो, तो मोबाइलवर तपासून घेईन. आणि घडणावळ वेगळी लिहून मागेन, कारण तिथेच जास्त लावतात. एकूण पंचाहत्तर हजार धरलेत.

कपडे दोघांचे मिळून तीस हजार. यावर आई नाक मुरडणार. पण बघ, मामा अष्टपुत्री आणणारच आहे. लग्न लागताना तीच पिवळी नेसायची असते, तर तिच्यावर आणखी वीस हजारांची पैठणी कशाला? मी नंतरसाठी एक इरकल घेतेय, जी ऑफिसच्या कार्यक्रमालाही नेसता येईल. माझ्याबरोबरच्या दोघींच्या पैठण्या लग्नानंतर कपाटातून बाहेर आलेल्या नाहीत.

टॉवेल-टोपी नाही. फेटे फक्त दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना. येणाऱ्या प्रत्येक बाईला साडी नाही. पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" छापायचं आणि ते खरंच पाळायचं. घेतलाच नाही तर परत करायची कटकट नाही, आणि रात्री बारापर्यंत वहीत कुणी किती घातले ते लिहीत बसायची कटकट नाही. निखिलकडच्यांनी मानपान नको म्हणून स्वतःहून सांगितलंय. विहिणीची ओटी आणि एक साडी एवढं करू, ते मला करायचंच आहे. त्याच्या चुलत्यांनी हॉलचा विषय काढला होता. निखिल त्यांना म्हणाला, "काका, हॉलचं भाडं द्यायचं की आमच्या खोलीचं डिपॉझिट?" काका गप्प झाले आणि मग म्हणाले, "मी वाढायला उभा राहतो." त्यांच्याकडे मठ्ठा द्यायचा.

तारखेचं असं, की 17 मे 2026 पासून अधिक ज्येष्ठ लागतोय. त्याच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांची झुंबड उडेल आणि आचारी, मांडववाला, फोटोवाला सगळे भाव वाढवतील. तर गुरुजींकडून वैशाखाच्या पहिल्या पंधरवड्यातला मधल्या वारचा मुहूर्त काढून घ्या. अक्षय्य तृतीया नको, त्या दिवशी कुणीच रिकामं नसतं. मुहूर्त सकाळी अकराच्या आतला, म्हणजे पहिली पंगत ऊन चढायच्या आत बसेल.

मांडव-खुर्च्या पंचवीस, फोटो बारा, गुरुजी, फुलं आणि सनई-संबळ मिळून पंधरा. जेवण, सोनं, कपडे धरून सगळे मिळून दोन लाख बावीस हजार. आम्हा दोघांचे साठलेले तीन लाख वीस आहेत. पन्नास डिपॉझिटचे बाजूला काढले, तरी अठ्ठेचाळीस हजार अडीअडचणीला राहतात. बाबा, आता तुम्ही कागद-पेन्सिल घेऊन बेरीज करणार. करा. कंडक्टरचा हिशेब आहे, चुकला असेल तर खिशातून भरीन.

खोली धायरीत बघितलीय. वन रूम किचन, तिसरा मजला, लिफ्ट नाही, भाडं साडेनऊ हजार. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे आणि तिला रुंद कट्टा आहे. तिथे कढीपत्ता आणि ओवा लावणार. आई, तुला संसाराची काळजी वाटते, "पलंग नाही, सोफा नाही, कसं राहणार." गादी आहे. कपाट जुन्या बाजारात बघतोय, बुधवारी आणि रविवारी भरतो तो. निखिलला तिथे एक लोखंडी कपाट आवडलंय, दार करकरतं पण पत्रा जाड आहे. तेल घातलं की झालं.

रुखवतात थर्माकोलचा बंगला नको, मेहेरबानी करून. मावशीला आताच सांग, नाहीतर ती करायला घेईल. त्याऐवजी जे रोज हाताला लागणार ते मांडा. पोळपाट-लाटणं, खलबत्ता, तुझ्या हातची वर्षाची डाळ आणि गोडा मसाला, सांडगे, आपल्या शेतातली हळद. आणि तो पितळी डबा, ज्यात तू शेंगदाण्याचा कूट ठेवतेस. तो मला हवाच आहे, बदल्यात तुला स्टीलचा देईन. लोकांना रुखवत बघताना हसू आलं तर येऊ दे, जूनमध्ये पाऊस लागल्यावर मी सांडगे तळत असेन.

आम्ही पगारातले किती उडवतो असं बाबांना वाटतं, तर ऐका. शनिवारी संध्याकाळी उशिरा मंडईत जायचं, उठायच्या घाईत वाटे स्वस्त होतात. पुणे नगर वाचन मंदिराची वर्गणी आहे, 1848 सालची संस्था आहे बाबा, तुम्ही आलात की नेईन. महिन्याला एक नाटक, मागच्या रांगेतलं तिकीट. बालगंधर्व रंगमंदिरात मागूनही ऐकू छान येतं, नटांच्या तोंडावरचं दिसत नाही एवढंच. कधी सकाळी लवकर सिंहगड, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, की दुपारचा स्वयंपाक सुटला. निखिल भाकरी थापतो. गोल येत नाही, पण फुगते. हे सगळं करून दोघांचे मिळून महिन्याला बाराएक हजार मागे पडतात. आमची चैन एवढीच आहे आणि आम्हाला ती पुरते.

आता एफडीचं. बाबा, पेन्शन किती येते ते आपल्या तिघांनाही माहीत आहे. ईपीएसची, म्हणजे पीएफवाली पेन्शन, तिच्यात दोघांचा महिन्याचा किराणाही नीट बसत नाही. ते अडीच लाख हीच तुमची खरी पेन्शन आहे. मुदतीआधी मोडली तर बँक व्याजही कापते. मुदत संपेल तेव्हा त्यातले थोडे काढून आधी डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून घ्यायचा, पंगतीत पान कुणाचं ते दिसलं पाहिजे. म्हणजे खरं तर त्याच्या आधीच काढायचाय, तो खर्च मी करते. एफडीतून पडवीचे पत्रे बदला. दर पावसाळ्यात आई चुलीजवळ पातेलं ठेवते आणि तुम्ही म्हणता पुढच्या वर्षी बघू.

कामं वाटून देते. बाबा, आगारात जाऊन प्रासंगिक कराराचं विचारा. बार्शीहून वऱ्हाडाला एक गाडी, सकाळी लवकर निघून संध्याकाळी परत. किलोमीटरचा दर आणि अनामत किती ते कागदावर लिहून आणा. गाडी निखिलकडचे करणार आहेत, पण तुमच्या शब्दाने डेपोत काम लवकर होईल. ॲडव्हान्स तुम्ही भरायचा नाही. आई, तू नावांची यादी कर. अडीचशेच्या वर गेली तर लांबच्यांना आधी कापायचं, बाबांच्या ड्युटीवरच्या माणसांना नाही. जे राहतील त्यांना सत्यनारायणाला प्रसादाला बोलवू.

पुढच्या शनिवारी मी दुपारच्या गाडीने येतेय, अर्ध्या तिकिटात. येताना मंडईतून काही आणायचं असेल तर फोन करा.

तुमची,
मंजू

ता. क. आत्याने बँजो ठरवलाय असं कळलं. तिच्याशी मी बोलते, तुम्ही दोघं मध्ये पडू नका.