तळमजल्याचं घर

नाशिक, १२ एप्रिल

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा नुसते 'बरं' म्हणाले असते, म्हणून लिहितेय. तळमजल्याचं घर घेतलं. सही परवाच झाली. तुम्हाला न विचारता, हो. पण बाबा न्हाणीत घसरले हे मला आठ दिवसांनी, तेही शेजारच्या काकूंकडून कळतं, तेव्हा मी काय करायचं? दापोलीला अंगणात उतरायचं तरी सात पायऱ्या. इथे एकही नाही. कमोडजवळ धरायला दांडी बसवलीय. आईच्या पाट्या-वरवंट्याला ओट्याखाली जागा मोजून ठेवलीय. आणि कायमचं कुठे म्हणतेय? पावसाळ्यापुरतं.

बाबा, मागे छोटं परस आहे. जास्वंदीत, माझ्या छातीएवढ्या उंचीवर, बुलबुलाचं घरटं. गुलाबीसर, तांबूस ठिपक्यांची तीन अंडी होती. पिल्लं निघाली ती उघडीबोडकी, डोळे मिटलेली. आणि बाराव्या दिवशी तिघंही बाहेर! धड उडता येत नाही, शेपटी अजून फुटायचीय, आणि बसलीत कुंडीमागे दडून. माझा हात पुढे गेलाच होता. मग लहानपणीचं ते बुटाचं खोकं आठवलं. मी आत पिल्लाला दूध-पोळी भरवतेय आणि बाहेर तारेवर त्याचे आईबाप जीव तोडून ओरडतायत. तुम्ही रागावला नव्हतात. "ते पडलं नव्हतं गं, उतरलं होतं," एवढंच म्हणालात.

म्हणून या वेळी शेजारचा बोका तेवढा हाकलला आणि खिडकीत बसले. थोड्याच वेळात एक आलं, चोचीत अळी घेऊन. मग दुसरं. अजून काही दिवस भरवतील.

'आता आम्हाला खोक्यात घालतेस होय?' असं म्हणाल. मलाही ते रात्रभर खुपत होतं. घर मी ठरवलं, पण यायचा दिवस तुम्ही ठरवा. आंबे उतरले की फोन करा, गाडी घेऊन येते.

तोवर बाबांनी आंबे उतरवायच्या झेल्याला हात लावायचा नाही, गडी बोलवायचा. आई, बीपीची गोळी उपासालाही घ्यायची, देवाला चालतं. न्हाणीतला तो शेवाळलेला दगड आजच घासून घ्या. आजच. आणि येताना आईचं मातीचं परळ आणा. पाखरांना पाणी मी सध्या स्टीलच्या ताटलीत ठेवतेय, ती दुपारी चटके देते.

तुमची,
छकुली