चिंचोक्यांचा डबा अजून माझ्याकडेच आहे, काका

ती. काकांना शि. सा. न. वि. वि.

(बरोबर लिहिलं का ते काकूंना विचारा, शाळेनंतर पहिल्यांदाच लिहितोय.)

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणून कट करता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आता कट करून दाखवा.

बाकीच्यांसाठी आधी थोडं मागचं सांगतो: काका म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे, आधी जहाजावर असलेले, ज्यांनी मला पोकर शिकवला. 2024 च्या दिवाळीत ऑफिसमधल्या पोरांच्या फ्लॅटवर पोकर खेळायला बसलो, आणि मी म्हणजे आमच्या आजोळचा तीन पत्तीचा चॅम्पियन, त्यामुळे पोकर म्हणजे काय तर तीन पत्तीचीच पाच पानं असं म्हणून बसलो. माझ्याकडे पाच-सहा-सात-आठ-नऊ असा देखणा सिक्वेन्स, समोरच्याकडे नुसता कलर, म्हणजे पाचही पानं बदामाची. मी चिप्सचा (डावात लावायच्या चकत्यांचा) ढीग ओढायला दोन्ही हात पुढे केले आणि टेबलावर जे काय हसले सगळे. तीन पत्तीत सिक्वेन्स मोठा, पोकरमध्ये कलर मोठा. पुढे महिनाभर ऑफिसमध्ये माझं नाव सिक्वेन्सशेठ.

रविवारी टाकीची चावी परत द्यायला वरच्या मजल्यावर आलो तेव्हा हे तुम्हाला सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. कपाटातून पत्त्यांचा कॅट काढलात, जहाजावरचा, कडा गोल झालेला, आणि म्हणालात की बस, लिही. तीन पानं एकूण 22,100 प्रकारे येऊ शकतात, त्यात साधा सिक्वेन्स 720 वेळा आणि कलर 1,096 वेळा. जे कमी येतं ते मोठं. आता पाच पानं घे. एकूण प्रकार 25,98,960, त्यात सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108. उलटं झालं की नाही? मला बारा वर्षं शिकून प्रोबॅबिलिटी कळली नव्हती ती त्या दिवशी चहा गार व्हायच्या आत कळली. वर तुम्ही हेही सांगितलंत की तीन पत्तीत ट्रेल (तिन्ही पानं सारखी) 52 आणि प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाचा) 48, म्हणजे हिशोबाने ट्रेलपेक्षा प्युअर मोठा हवा, पण हे आपल्या आज्यापणज्यांना कोण सांगणार.

मग दर रविवारी तुमच्याकडे पोकर सुरू झाला. पैसे लावायचे नाहीत, चिंचोके लावायचे, ही तुमची एकच अट. जहाजावर सहा महिन्यांचा पगार चार रात्रीत घालवलेला माणूस तुम्ही बघितलाय, त्याच्याबद्दल तुम्ही एकदाच बोललात आणि मी परत विचारलं नाही. मी तोपर्यंत एका ॲपवर 2,000 रुपये घालवून बसलो होतो ते तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं, आज सांगतोय. ऑगस्ट 2025 मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि ॲपवरचे ते डाव बंद झाले, पण मी त्याच्या बरेच महिने आधी थांबलो होतो, कारण दर रविवारी चिंचोके हरण्यातच एवढी लाज वाटायची. काकूंनी मात्र शेवटपर्यंत त्याला जुगारच म्हटलं. कांदेपोहे देताना पण म्हणायच्या, घ्या जुगाऱ्यांनो.

तुमची शिकवायची पद्धत कुणालाच जमणार नाही काका. मला तीन पत्तीतला ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं एवढंच माहीत. तुम्ही म्हणालात की पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे गणपतीची वर्गणी, तुझी पाळी आली की टाकायची, पानं कशी का असेनात, आणि वर्गणी दिली म्हणून मिरवणुकीत नाचलंच पाहिजे असं नाही. किकर, जोडीसोबतचं पान, म्हणजे करवली. दोघांकडे राणीची जोडी असेल तर करवली कुणाची मोठी ते बघायचं. आणि बटणावर, म्हणजे सगळ्यांत शेवटी खेळायच्या जागेवर, बसणं का चांगलं तर आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी शेवटी का बोलतात, तर सगळ्यांचं ऐकून झालेलं असतं म्हणून. हे ऐकल्यापासून मी मीटिंगमध्ये त्यांच्याकडे वेगळ्याच नजरेने बघतो.

दोन-चारचा पाढा तर मला झोपेत पण येतो. पोकरमध्ये हातात दोन पानं आणि मध्ये सगळ्यांची मिळून पाच: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). हातात दोन बदाम, फ्लॉपवर दोन बदाम, म्हणजे कलरला एक कमी आणि कॅटात उरले नऊ. दोन्ही पानं यायची असतील तर नऊ चोक छत्तीस, एकच उरलं असेल तर नऊ दुणे अठरा, एवढे टक्के साधारण. मग ढिगात 60 चिंचोके, समोरच्याने 30 लावले, आता मी 30 टाकले की डाव झाला 120 चा, म्हणजे चारातून एकदा तरी बदाम यायला हवा आणि टर्ननंतर तो येतो पाचातून एकदा. म्हणजे डाव सोडायचा. टाक पान. मी म्हणायचो पण काका मला वाटतंय येणार. तुम्ही म्हणायचात वाटू दे की, वाटायला पैसे पडत नाहीत, टाक पान.

आणि ते दोन एक्के! 221 डावांत एकदा येतात म्हणे, मला आले त्या पावसाच्या रविवारी, लाइट गेले होते, मेणबत्तीच्या उजेडात मी चार वेळा बघितले खरंच एक्केच आहेत ना. तुम्ही, तुमचा भाचा, समोरचे दोघे आणि मी. म्हटलं लपवून ठेवूया, वाढवलं की सगळे पळतील, म्हणून नुसता कॉल केला (समोरच्याएवढेच टाकले) आणि चौघांनाही स्वस्तात आत घेतलं. आणि भाच्याने चार-सातवर दोन जोड्या करून मला धुतलं. मी तोंड पाडून बसलो तर तुम्ही म्हणालात, एक्के एकट्यासमोर शंभरात 85 वेळा जिंकतात, चौघांसमोर 56 वेळा, गर्दी तूच बोलावलीस, आता पानांना शिव्या कशाला देतोस. रागच आला होता तुमचा तेव्हा. घरी जाऊन हिशोब केला आणि मग गप्प बसलो.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती वही. जिंकलेले डाव लिहायचे नाहीत, फक्त टाकलेली पानं लिहायची. पहिल्या रविवारी 50 डावांत मी 41 खेळलो, वहीत नऊच ओळी. मला वाटायचं बसलोय कशाला मग, पानं फेकायला? एक्का-तीन पण मी सोडायचो नाही, एक्का आहे ना त्यात, असं. तुम्ही कधी ओरडला नाहीत, फक्त माझ्या समोरचे चिंचोके मोजून डब्यात टाकायचात, सावकाश, एकेक करून. पावसाळा संपेपर्यंत माझी पन्नासातली सदतीस-अडतीस पानं वहीत जायला लागली. चांगली पानं आली की माझं चहाकडे लक्ष राहत नाही, साय येते वर, हे तुम्ही मला तब्बल पाच महिन्यांनी सांगितलंत. पाच महिने माझ्या चहाकडे बघून खेळत होतात! हे मी विसरणार नाहीये.

आता एक विचारायचंय. यंदाच्या दिवाळीत परत त्याच पोरांकडे बसलो, चिप्सवरच, हरेल त्याने बिर्याणी मागवायची. माझ्याकडे बदामाचे आठ-नऊ. फ्लॉप आला इस्पिक सहा, चौकट सात, इस्पिक दहा. तयार सिक्वेन्स, काका! टर्नला बदाम दुर्री. मी दोन्ही वेळा लावले, तो दोन्ही वेळा काही न बोलता कॉल. रिव्हरला इस्पिक राजा, तिसरं इस्पिक, आणि त्याने होते ते सगळे 400 पुढे ढकलले. ढिगात 340. म्हणजे 400 टाकून 1,140 चा डाव, तीनातून एकदाहून थोडं जास्तच तो थापा मारत असायला हवा. आणि हा तोच कलरवाला बरं का. सगळे म्हणतायत काय सिक्वेन्सशेठ, बोला. मी चहा उचलला, पूर्ण प्यायलो, आणि पानं टाकली.

त्याने पानं दाखवली नाहीत. मी विचारलं पण नाही, दाखवायचे पैसे मी भरले नव्हते. पण रात्री घरी येताना आणि अजूनही कधीकधी वाटतं, साला त्याच्याकडे काही नव्हतंच. तुम्ही असतात तर काय केलं असतं ते कळवा, फोनवर सांगितलंत तरी चालेल, फक्त कट करू नका.

तुम्ही गुहागरला गेल्यापासून वरच्या मजल्यावर कुलूप आहे. डबा मी परवा उघडला. 300 होते ना? 287 भरले. तेरा तुमच्या भाच्याच्या खिशात असणार, त्याला सांगा मेमध्ये येताना घेऊन येतोय मी कॅट.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा सिक्वेन्सशेठ