बॅगा भरण्याआधी हे वाचा

म्युनिक

ती. आई-बाबांना सा. न.

व्हिसा आला, तिकिटं झाली, आता बॅगा काढाल, म्हणून घाईनं लिहितेय. इथे येणाऱ्या आपल्या माणसांच्या फजित्या ठरलेल्या असतात. दर उन्हाळ्यात कोणाचे तरी आई-बाबा येतात आणि नेमके त्याच दारात, त्याच गाडीत अडकतात. आपल्याकडे कंडक्टर ओरडतो, वॉचमन हटकतो. इथे सगळं पाटीवर लिहिलेलं असतं आणि चुकलात तरी कोणी काही बोलत नाही.

आधी सामान. आई, तूप, पेढे, खवा, चक्का काही आणू नकोस. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत, घरचे असले तरी. आंबे आणि ताजा कढीपत्ताही नको, त्यांना रोपतपासणीचा दाखला लागतो. नारळ, केळी, अननस, खजूर यांना मात्र सूट आहे. त्यातही ओला नारळ चालेल, सुकं खोबरं नको. खोबऱ्यात तेल असल्यामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून मुंबईलाच चेक-इनच्या बॅगेतून काढून ठेवतील. लोणचं चेक-इनमध्येच टाक. विमानात हवेचा दाब कमी होतो, बरणीतली हवा फुगते आणि तेल झाकणातून बाहेर येतं. झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा, वरून चिकटपट्टी आणि दोन पिशव्या, एवढं केलंस की साड्या वाचतील. बाबा, पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

आता गाडी. मावशी उतरेल त्या दिवशी मी ऑफिसात असेन आणि तुम्ही दोघंच तिला आणायला जाल, म्हणून हे नीट वाचा. शहरातून विमानतळावर दोन लोकल जातात, एस १ आणि एस ८. एस १ नॉयफार्न स्टेशनात तुटते. पुढचा भाग फ्रायझिंग गावाला जातो, मागचा विमानतळाला. मागच्या भागातले विमानतळावर पोचतात आणि पुढच्या डब्यात गप्पा मारत बसलेले फ्रायझिंगला. घोषणा होते, पण तेव्हा खिडकीबाहेर शेतं दिसत असतात आणि कोणाचं लक्ष नसतं. चढण्याआधी फलाटावरचा बोर्ड बघा, डब्यावरची पाटीही बघा, तिथे ‘फ्लुगहाफेन’ म्हणजे विमानतळ असं असायला हवं. चुकीच्या डब्यात आहात हे नॉयफार्नला लक्षात आलं तर लगेच उतरून मागे जा. फ्रायझिंगला पोचलातच तर लोकलनं उलटं येत बसू नका, स्टेशनबाहेरून ६३५ नंबरची बस थेट विमानतळावर जाते. पण माझं ऐका, एस ८ च धरा. ती तुटत नाही.

तिकिटाचंही असंच. नुसतं विकत घेऊन भागत नाही, त्यावर शिक्का लागतो. दहा पट्ट्यांचं कार्ड असतं, त्यातल्या माणशी दोन पट्ट्या शहरातल्या एका प्रवासाला लागतात. दोघांसाठी आधी दुसऱ्या पट्टीपाशी घडी घालून शिक्क्याच्या पेटीत सरकवायचं, ‘टिक’ असा आवाज येतो, मग चौथ्या पट्टीपाशी पुन्हा. पहिल्या आणि तिसऱ्या पट्टीवर शिक्का नको. पेटी भुयारी स्टेशनात फलाटावर जायच्या आधी असते, बस-ट्रॅममध्ये आतच. तपासनीस साध्या कपड्यांत येतात आणि शिक्का नसेल तर ६० युरो दंड. पर्यटक आहे म्हणून सोडत नाहीत.

बाबा, तुम्ही पाण्याची रिकामी बाटली चुरगाळून टाकता. आपल्याकडे तेच बरोबर आहे, पुन्हा भरून विकू नये म्हणून. इथे मात्र चुरगाळू नका. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीमागे २५ सेंट अनामत घेतात आणि दुकानातल्या यंत्राला बाटलीवरचा बारकोड वाचता आला नाही तर ती बाटली परत येते. बूड आधी आत घालायचं, शेवटी बटण दाबून चिठ्ठी घ्यायची आणि काउंटरवर द्यायची, की अनामत परत मिळते. विकत घेताना बाटली दाबून बघा, दगडासारखी घट्ट लागली तर आत सोडा आहे. खरं तर विकत घ्यायची गरजच नाही. या शहरात १८८३ पासून मांगफाल खोऱ्यातलं पाणी येतं आणि नळाचं पाणी उत्तम आहे.

घराचं दार ओढलं की आपोआप लागतं आणि बाहेरची मूठ फिरत नाही. कचरा टाकायला खाली गेलात आणि वाऱ्यानं दार लागलं, तर घरच्या कपड्यांत जिन्यात बसायची वेळ येते. रविवारी कुलूपवाला बोलावला तर बिल शेकडो युरोंत जातं. तेव्हा किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घाला, दोघांनीही. रात्री आतून किल्ली लावून तशीच कुलपात ठेवू नका, बाहेरून माझी किल्ली चालणार नाही.

खिडकीची मूठ खाली असली की बंद, आडवी की दारासारखी उघडी, वर की फक्त वरच्या बाजूनं आत कललेली. खिडकी उघडी असतानाच मूठ वर फिरवली तर झडप वरच्या बिजागरीतून सुटते आणि खालच्या एका कोपऱ्यावर लटकते. काच अंगावर येतेय असं वाटतं. घाबरू नका, खालची बिजागरी तिला धरून असते. एकानं वरचा बिजागरीकडचा कोपरा चौकटीला दाबून धरायचा, दुसऱ्यानं झडपेच्या कडेला मुठीजवळ असलेली छोटी पट्टी दाबून मूठ आडवी करायची. ती जागेवर बसते. मग बंद करा.

आई, फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावून खिडकी कलती ठेव. पॅसेजमध्ये धुराचा भोंगा आहे, मोहरी-मिरचीच्या धुरानं तो वाजतो. काचेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, म्हणून कुकर उचलून बाजूला ठेवायचा, नाहीतर शिट्ट्या होत राहतात आणि भात खाली लागतो.

शनिवारी रात्री ८ ला दुकानं बंद होतात ती थेट सोमवारी उघडतात, तेव्हा दूध-भाजी आधीच आणायची.

मावशीच्या विमानाची वेळ कळली की सांगा, कोणती एस ८ धरायची ते लिहून पाठवते.

तुमची,
मनू