कंदीलपुष्पाला हात नको

श्रावण लागला की सह्याद्रीच्या रानात खरतुडी, म्हणजेच कंदीलपुष्प फुलतं. हल्ली फोटोसाठी वेल ओढणारे, फूल खुडून तळहातावर ठेवणारे जागोजागी भेटतात. गेल्या पावसाळ्यात वाटेवर टाकलेलं असंच एक फूल मी उचलून हलकेच उकललं, तर नळीच्या तळाशी दोन चिलटं वळवळत होती! फार वाईट वाटलं.

या फुलाची सगळी भिस्त अशा बारीक माश्यांवर आहे. वासाने त्या येतात, नळीत घसरतात. आतले केस खाली वळलेले, त्यामुळे परत वर चढता येत नाही. त्या धडपडीत परागपुंज माशीच्या सोंडेला चिकटतो. पुढे केस मलूल पडले की ती सुटते आणि तो परागपुंज घेऊन दुसऱ्या फुलात शिरते. खुडलेल्या फुलात हे सगळं अर्ध्यावरच थांबतं.

कंदीलपुष्पाच्या कित्येक जाती सह्याद्रीबाहेर कुठेच सापडत नाहीत. कंद उकरून नेणं तर सरळ मुळावरच घाव. वनविभागाने पायवाटांवर मराठीत ठळक फलक लावावेत. फोटो जरूर काढा, पण वेलीला हात न लावता.

– एक वाचक