वळिवड्याच्या बराकी

चि. मीरा,

अनेक आशीर्वाद.

निर्वासितांवरच्या तुझ्या कादंबरीचं पहिलं प्रकरण भूमध्य समुद्रातल्या बोटीवर घडतं म्हणे. लिही बापडी! पण कोल्हापूरच्या वेशीवरचं वळिवडे विसरलीस?

1943 ते 1948 या काळात तिथल्या छावणीत सुमारे 5,000 पोलिश माणसं होती, बहुतेक बायका आणि मुलं. 1940 मध्ये सोव्हिएतांनी पूर्व पोलंडातून घरंच्या घरं उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकली. पुढच्या वर्षी हिटलर रशियावर चालून गेला, तेव्हा सोव्हिएत-पोलिश करार होऊन ती माणसं सुटली. पुरुष फौजेत भरती झाले. बायका-मुलं इराण, कराची करत पंचगंगेकाठी आली.

आपल्याकडे हे सगळं कोल्हापूरकरांचं औदार्य म्हणून सांगतात. खोटं नाही, पण नुसत्या औदार्यावर कादंबरी उभी राहत नाही. खरी गाठ 1945 सालची. युद्ध संपलं, पण ल्वूफ शहरासकट त्यांचा मुलूख सोव्हिएत संघात गेला. घर जागच्या जागी आणि सरहद्द सरकलेली. परतायचं कुठे? पुष्कळजण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडात पांगले.

त्याच छावणीच्या जागेत मग फाळणीनंतरचे सिंधी आले. त्यांचंही तेच, घर तिथेच आणि देश दुसरा. ते आपलं गांधीनगर. ताईच्या लग्नाचा बस्ता तिथेच बांधला होता, आठवतं? पांढऱ्या गादीवर साड्यांची चळत, आपल्याशी फर्डं कोल्हापुरी मराठी आणि गल्ल्यावरच्या वडिलांशी सिंधी.

पोलिश आणि सिंधी कुटुंबाची भेट घडवायचा मोह तुला होणार. घडवू नकोस. एकाच खोलीत एकामागून एक राहिलेल्या दोन बायका, एकमेकींचं नावही ठाऊक नसलेल्या, मला पुरेशा वाटतात. आणि मधल्या कोल्हापूरकराला देवमाणूस करू नकोस गं. त्याला दूध विकू दे, त्यात पाणीही घालू दे.

वळिवड्यात वाढलेल्यांची मुलंबाळं तुझ्या इंग्लंडातच आहेत, ती तू गाठ. गांधीनगरचं मी बघतो. फाळणी पाहिलेले आता मोजकेच उरलेत, तेव्हा तू मे महिन्यात येईपर्यंत थांबायला नको. प्रश्न लिहून पाठव. सिंधी बाई शिकारपूरची की लारकान्याची, तेवढं मात्र आधी ठरव.

तुझा,
बाबा